वठलेले की निजलेले?

उपवासकाळ आणि पानगळ आपल्याकडे बरोबरीनेच येतात. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावून आपण घरी परततो, तेव्हा अंगणातला पांढरा चाफा उघडाबोडका उभा असतो. कढीपत्ता पिवळा पडून झडत असतो. देशी बदामाची तांबडी पाने दारात येऊन पडतात आणि दिवसातून दोनदा झाडू मारला तरी पाचोळा संपत नाही. पुढच्या चाळीस दिवसांत मात्र चित्र पालटते. थंडीत छाटून ठेवलेल्या मोगऱ्याला कळ्या लागतात. शेवगा फुलांनी लहडून जातो आणि मग त्याच्या शेंगा लोंबू लागतात. कडुनिंबाला कोवळी तांबूस पालवी फुटते. झावळ्यांच्या रविवारी घरात झावळी आणून ठेवताना सहज परसात नजर टाकली, तर महिन्यापूर्वीचे ते ओसाड परस हेच का, असा प्रश्न पडतो.

म्हणूनच ईस्टरच्या प्रवचनात आणि शुभेच्छापत्रांत एक वाक्य हमखास भेटते : निसर्गसुद्धा पुनरुत्थानाची साक्ष देतो. वाक्य सुंदर आहे. पण ते खरे आहे का?

हा प्रश्न हौसेचा नाही. आपल्या धर्मग्रामात दरवर्षी काही घरे अशी असतात की जिथे गेल्या ईस्टरला असलेले माणूस या ईस्टरला नसते. आईने लावलेला मोगरा वेळेवर फुलतो. आई परत येत नाही. अशा घरातल्या माणसाला आपण ‘बघा, सृष्टीत सारे पुन्हा जिवंत होते’ असे सांगितले, तर त्याला तो दिलासा वाटेल की थट्टा वाटेल? तेव्हा परसातल्या झाडांकडे जरा नीट पाहू या आणि बाग आपल्याला काय शिकवू शकते, तिचे शिकवणे कोठे संपते, याचा प्रामाणिकपणे विचार करू या.

पानगळ म्हणजे मरण नव्हे

पाने गळतात ती झाड मरत असते म्हणून नव्हे, तर झाडाला जगायचे असते म्हणून. पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची सतत वाफ होऊन जात असते. पाऊस जाऊन चार महिने झाले आणि जमिनीच्या वरच्या थरातली ओल आटली, की एवढी पाने पोसणे झाडाला परवडत नाही. मग ते पानातले उपयोगी सत्त्व आधी फांदीत ओढून घेते, देठाच्या बुडाशी एक पातळ थर तयार करून जखमेचे तोंड बंद करते आणि मगच पान सोडून देते. हाताने ओरबाडलेल्या पानाच्या जागी चीक वाहतो. आपणहून गळलेल्या पानाच्या जागी तसे होत नाही, फक्त एक कोरडी खूण राहते. या खुणेच्या अगदी वर, नखाएवढ्या जागेत, पुढचा कोंब वाट पाहत असतो.

दुसरी गोष्ट अधिक नवलाची आहे. युरोपातला वसंत बर्फ वितळल्यावर येतो. ऊब वाढते, जमिनीत पाणी मुरते आणि झाडे जागी होतात. आपला वसंत तसा नसतो. मार्च-एप्रिलमध्ये आपल्याकडे विहिरीचे पाणी दिवसेंदिवस खाली जात असते. ऊन वाढत असते, पाऊस अजून दोन-तीन महिने दूर असतो. तरीही पिंपळ, कडुनिंब यांच्यासारखी झाडे नेमकी याच कोरड्या दिवसांत नवी पाने काढतात. खोडात साठवलेले पाणी आणि खोल गेलेल्या मुळांनी शोधलेली ओल एवढ्याच भांडवलावर ती हे धाडस करतात. जूनमध्ये पहिली सर येते तेव्हा पाने तयार असतात. आपल्याकडची पालवी पाऊस पडून गेल्यावर येत नाही. ती पावसाच्या आधी येते.

सगळीच झाडे एका वेळी जागी होत नाहीत. सीताफळाचे झाड एप्रिलमध्येही काटक्यांच्या जुडग्यासारखे दिसते. सुरणाचा कंद आणि ज्याला आपण ‘मे फ्लॉवर’ म्हणतो त्या लिलीचा कंद तर जमिनीवर आपली काही खूणच ठेवत नाहीत. तिथे काही आहे हे विसरून आपण वर कुंडी नेऊन ठेवतो. मे महिन्यात एके सकाळी लिलीचे चेंडूएवढे लाल फूल मातीतून वर आलेले दिसते. पाने त्याच्या मागून येतात.

म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला दोन झाडे अगदी सारखी दिसू शकतात. एक वठलेले आणि एक निजलेले. पहिल्यात जीव नाही, दुसऱ्यात आहे, पण दोन्हींवर पान नाही.

नखाने खरवडून पाहणे

मग फरक कळायचा कसा? अनुभवी माळी यासाठी एक साधी गोष्ट करतो. तो फांदीची साल नखाने किंचित खरवडतो. आत हिरवट ओली रेघ दिसली तर झाड जिवंत आहे; तपकिरी आणि कोरडे दिसले तर ती फांदी गेली. एक फांदी गेलेली आढळली तरी तो लगेच कुऱ्हाड आणत नाही. खाली सरकतो, जाड फांदी खरवडतो, मग बुंधा. कारण वरून मेलेले झाड बुडापाशी जिवंत असू शकते. या साऱ्याला जवळ जावे लागते. ओट्यावर उभे राहून झाडाचा निकाल देता येत नाही.

आपण माणसांचे निकाल मात्र ओट्यावरूनच देतो. ‘तो आता सुधारणार नाही.’ ‘ती आता मिस्साला यायची नाही.’ ‘वाटणी झाल्यापासून त्या दोन भावांत काही उरले नाही.’ एखादा तरुण चर्चपासून दुरावला, एखाद्याच्या हाती बाटली आली, एखाद्या जावेने पाच वर्षे बोलणे टाकले, की आपण त्यांच्या नावापुढे ‘वठलेले’ असे लिहून मोकळे होतो. पान नाही म्हणजे जीव नाही, हा आपला न्याय.

प्रभू येशूने याच न्यायावर एक दाखला सांगितला आहे (लूक १३:६-९). ‘क’ वर्षात उपवासकाळाच्या तिसऱ्या रविवारी आपण तो ऐकतो. द्राक्षमळ्याच्या मालकाला आपल्या अंजिराच्या झाडावर तीन वर्षे फळ मिळालेले नाही. झाड जागा अडवते आहे, तोडून टाक, असे तो माळ्याला सांगतो. त्याचे म्हणणे अन्यायाचे नाही. तीन वर्षे ही काही थोडी मुदत नव्हे. माळी आणखी एक वर्ष मागून घेतो. हा दाखला आपण दयेचा दाखला म्हणून वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यातल्या दोन बारीक गोष्टी आपल्या नजरेतून सुटतात.

पहिली ही, की माळी नुसते ‘थांबा’ म्हणत नाही. झाडाभोवती आपण स्वतः खणू, खत घालू, असे तो सांगतो. वेळ मागणारा आणि कष्ट उपसणारा माणूस एकच आहे. दुसरी ही, की वर्षभरानेही फळ आले नाही तर झाड तोडायला माळ्याची हरकत नाही. त्याच्या मागणीला मुदत आहे. त्या झाडाला पुढे फळ आले की नाही, हे प्रभूने सांगितलेले नाही. दाखला तिथेच थांबतो.

यातून एक कठीण धडा निघतो आणि तो आपण टाळता कामा नये. आपल्या घरांत ‘धीर धर’ हा सल्ला फार स्वस्तात दिला जातो. नवरा पिऊन मारतो अशी तक्रार घेऊन मुलगी माहेरी आली, की ‘थोडे सोस, पदरात मूल आहे, सुधारेल तो’ असे सांगून तिला परत पाठवले जाते. सांगणारे कोण असतात? ज्यांना त्या घरात रात्र काढायची नसते ते. वेळ आपण द्यायची आणि मार तिने खायचा, ही दाखल्यातल्या माळ्याची रीत नव्हे. जो ‘थांबा’ म्हणतो त्याच्या हातात कुदळ हवी. त्या नवऱ्याला उपचारासाठी घेऊन जाणे, मद्यमुक्तीच्या सभेला त्याच्या शेजारी जाऊन बसणे, त्या मुलीला आणि तिच्या मुलाला तोवर सुरक्षित छप्पर देणे, हे खणणे आणि खत घालणे झाले. हे करायची तयारी नसेल तर धीराचा उपदेश करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

चर्चनेही कोणाला जीव धोक्यात घालून थांबायला सांगितलेले नाही. १९८३ च्या कायदेसंहितेतील ११५३ व्या कलमानुसार जोडीदारामुळे शरीराला किंवा मनाला गंभीर धोका असेल, तर वेगळे राहण्यास योग्य कारण मिळते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली ‘आमोरिस लेतित्सिया’ या प्रबोधनात असे वेगळे होणे कधीकधी नैतिकदृष्ट्याही आवश्यक ठरते, असे म्हटले आहे. वेगळे होणे म्हणजे त्या माणसाला वठलेला ठरवणे नव्हे. किडलेली फांदी दुसऱ्या झाडावर घासत असेल तर ती दूर करावीच लागते. मुळाला पाणी घालणे त्यानंतरही थांबवायचे कारण नाही, फक्त ते आता थोड्या अंतरावरून घालायचे.

बाग जिथे गप्प होते

इथवर बाग आपली चांगली शिक्षिका आहे. जिवंत माणसांविषयी घाईने निकाल देऊ नका, जवळ जाऊन पाहा, थांबायचे तर राबा, हे ती शिकवते. आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. मेलेल्यांविषयी बाग काय सांगते?

खरे सांगायचे तर काहीच नाही. पालवी फुटलेला चाफा कधी मेलेलाच नव्हता. त्याच्या जाड फांद्यांत चीक होता, पाणी होते. चाफ्याची तोडलेली फांदी आठवडा-दोन आठवडे सावलीत पडून राहिली आणि मग मातीत खोचली, तरी ती मुळे धरते, इतका जीव त्याने साठवलेला असतो. जे झाड खरोखर वठले, साल सुटून बुंध्याला वाळवी लागली, त्याला कोणताही वसंत उठवत नाही. आणि झेंडू? या वर्षी मातीत पडलेल्या बियांतून पुढच्या वर्षी झेंडू येतो, पण तो दुसरा झेंडू असतो. सृष्टी जात टिकवते. एकेका रोपाची ती आठवण ठेवत नाही. ज्या घरात आई गेली त्या घराला ‘माणसे जन्मतात, माणसे जातात, जीवन चालूच राहते’ हे सांत्वन पुरत नाही, कारण त्या घराला ‘जीवन’ नको असते. त्यांना तीच आई हवी असते.

तेव्हा पुनरुत्थानावरची आपली श्रद्धा वसंतावर उभी असती, तर ती कच्च्या पायावर उभी राहिली असती. पण ती तशी उभी नाही. पुनरुत्थानाचा रविवार कसा ठरतो ते पाहा. ३२५ साली भरलेल्या निकेया येथील धर्मसभेपासून सर्व ख्रिस्ती जनांनी हा सण एकाच रविवारी पाळावा, असा आग्रह आहे. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार, हा त्याचा नियम. यरुशलेमेत तेव्हा वसंत असतो. पण ऑस्ट्रेलियात, दक्षिण आफ्रिकेत, अर्जेंटिनात त्याच रविवारी शरद ऋतू असतो. तिथल्या लोकांना खिडकीबाहेर पालवी दिसत नाही; थंडी जवळ येत असते, काही झाडांची पाने पिकून गळत असतात. तरीही ते तोच ‘आलेलुया’ गातात. झाडांची साक्ष नसली तरी त्यांच्या सणाला काही उणे येत नाही.

संत पौलाने करिंथकरांना लिहिताना बीजाचा दृष्टान्त दिला आहे, हे खरे (१ करिंथ १५:३५-३८). पण तो त्या अध्यायाची सुरुवात बीजाने करत नाही. आधी तो साक्षीदार मोजतो : केफाला दिसला, बाराजणांना दिसला, पाचशेहून अधिक बंधूंना एकाच वेळी दिसला, शेवटी मलाही दिसला. त्यानंतर तो बीजाकडे वळतो आणि तिथेही बीज स्वतःच्या बळावर उठते असे म्हणत नाही. देव त्याला शरीर देतो, असे म्हणतो. प्रथम घडलेली घटना आणि मग ती समजायला मदत करणारे चित्र, असा पौलाचा क्रम आहे. आपण अनेकदा तो उलटा करतो.

बागेत रडणारी स्त्री

योहानाच्या शुभवर्तमानात एक तपशील आहे. प्रभूला जिथे क्रुसावर खिळले, तिथे जवळच एक बाग होती आणि त्या बागेत नवी कबर होती (योहान १९:४१). वल्हांडणाचा सण यहुदी लोकांच्या निसान महिन्यात येतो, म्हणजे दिवस वसंताचे होते. त्या देशात बदामाचे झाड हिवाळ्याच्या अखेरीस, पानांच्याही आधी, पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरून जाते. हा आपला देशी बदाम नव्हे, खाण्याचा खरा बदाम. अंजिराची फांदी त्यानंतर कोवळी होते. रविवारी पहाटे मरिया माग्दालेना त्या बागेत आली, तेव्हा भोवतालची सृष्टी जागी होत असणार.

आणि ती रडत होती. वसंताने तिचे अश्रू पुसले नाहीत. देवदूत दिसले तरी ते थांबले नाहीत. प्रभू स्वतः समोर उभा राहिला तरी तिला तो माळी वाटला (योहान २०:१५). तिचे रडे थांबले ते त्याने तिला ‘मरिया’ अशी नावाने हाक मारली तेव्हा. ज्या गोष्टीची आपण बागेकडून अपेक्षा धरतो ती इथे घडते, पण ती बाग करत नाही. सृष्टीला आपली नावे ठाऊक नाहीत. ज्याला ती ठाऊक आहेत तो मरणातून परत आला, ही आपली श्रद्धा आहे. आपल्या मृतांविषयीची आशाही एवढ्यावरच उभी आहे : ते मातीत मिसळून कुठल्याशा नव्या फुलाच्या रूपाने येतील यावर नव्हे, तर ज्याने मरियेला हाक मारली तो त्यांनाही त्यांच्या नावाने हाक मारील यावर.

त्याला माळी समजण्यात मरिया पूर्णपणे चुकली, असेही म्हणवत नाही. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात देव स्वतः बाग लावतो आणि तिची मशागत व राखण करायला माणसाला तिच्यात ठेवतो. अंजिराच्या झाडासाठी वर्षभराची मुदत मागणाऱ्या त्या माळ्यात आपल्याकरिता रदबदली करणारा ख्रिस्त पाहण्याची चर्चमध्ये जुनी परंपरा आहे. २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी मरिया माग्दालेनेच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या दिवसांप्रमाणे सणाचा दर्जा दिला. पुनरुत्थानाची पहिली बातमी घेऊन जाणारी ही स्त्री बागेतूनच धावत निघाली होती.

मग परसातला वसंत पाहायचा तो कशासाठी? यिर्मया संदेष्ट्याच्या पाचारणाचा प्रसंग त्याचे उत्तर देतो (यिर्मया १:११-१२). ‘तुला काय दिसते?’ असे देव विचारतो. बदामाची काठी दिसते, असे यिर्मया सांगतो. हिब्रू भाषेत बदामाला ‘शाकेद’ म्हणतात आणि जागा राहून लक्ष ठेवणाऱ्याला ‘शोकेद’. देव म्हणतो, तू बरोबर पाहिलेस, माझा शब्द पुरा व्हावा म्हणून मी जागा आहे. झाड पुनरुत्थान सिद्ध करत नाही. पण झाडाकडे रोज पाहणाऱ्याला जागे राहायची सवय लागते, आणि जागा राहणारा एक आपल्याही आधीपासून आहे याची आठवण होते. कोरड्या मार्चमध्ये पालवी काढणाऱ्या कडुनिंबाने अजून पाऊस पाहिलेला नसतो. श्रद्धावंताची स्थितीही काहीशी तशीच असते.

म्हणून येत्या आठवड्यासाठी तीन साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. परसातला पाचोळा जाळू नका. तो झाडांच्या बुंध्याशी पसरा. ओल टिकते, आणि पावसात त्याचेच खत होते. अंगणात फरशी किंवा पेव्हर ब्लॉक बसवताना झाडाभोवती हातभर माती उघडी ठेवा, कारण मुळांना पाणी मिळाले नाही तर कोणतीही पालवी फुटत नाही. दुसरे, ज्या एका माणसाला आपण मनातल्या मनात वठलेला ठरवले आहे, त्याच्या घरी एकदा जाऊन या. उपदेश करू नका. चहा घ्या, बसा, विचारपूस करा. साल खरवडून पाहण्याइतकेच हे छोटे काम आहे. तिसरे, दफनभूमीत आपल्या माणसांच्या कबरीपाशी जाल तेव्हा त्यांचे नाव मोठ्याने उच्चारून प्रार्थना करा. भोवती चाफा फुललेला असो वा नसो, ते नाव देवाला ठाऊक आहे.

पुनरुत्थित प्रभू आपणा सर्वांना थांबण्याचे बळ आणि राबणारे हात देवो. आमेन.